साक्ष

बुधवारची घरसभा या वेळी आमच्याकडे, माझगावला.
चटया अंथरून झाल्या, पेटी शेजारच्या ब्लॉकमधून आली,
दीनाबाई शेलार पंख्याखालची जागा धरून कधीच्या बसल्यात.
दुसरं गीत संपलं की पाळकसाहेब विचारतील,
"कुणाला साक्ष द्यायची आहे का?"
आणि सगळ्या माना माझ्याकडे वळतील.
बातमी आमच्या विमानाआधीच पोचली होती.

साक्षीची एक ठरलेली वाट असते.
आधी संकट, मग गुडघे, मग चमत्कार,
मग चहा आणि खारी.
मीही त्या वाटेने जाऊ शकते:

तिबलिसी. आमचा तिसरा दिवस.
विनीत पैसे बदलायच्या रांगेत,
मी नोएलच्या बुटाची नाडी बांधत होते,
आणि अप्पांचा हात, जो माझी ओढणी धरून असायचा,
नव्हता.
शद्रक तिवडे, वय एकोणऐंशी,
अंगात मरून स्वेटर, खिशात बेस्टचा जुना पास,
तोंडात मराठी, तीही अलीकडे तुटक.
तिथली लिपी अशी, की पाट्यांवर कुणी
द्राक्षवेलीचे ताणे चिकटवून ठेवलेत.
पोलिसाला मी 'फादर, फादर' म्हणाले,
त्याने टेकडीवरच्या चर्चकडे बोट दाखवलं.

मग मी फूटपाथवरच गुडघ्यांवर आले.
(दीनाबाईंना हे आवडेल.)
शब्द आठवेनात. लहानपणापासून पाठ असलेला एकही.
"बापा," एवढंच,
आणि मलाच कळेना, कुठल्या बापाला हाक मारतेय.

नोएलने खांदा हलवला.
"आई, डोळे उघड ना. ती बघ क्रेन."

छपरांच्या वर, नदीच्या अंगाला, पिवळी.
ती क्रुसासारखी दिसत होती असं म्हटलं
तर सभेत हालेलुया होईल.
नव्हती दिसत. क्रेनसारखीच दिसत होती.
पण बत्तीस वर्षं गोदीत क्रेन चालवलेला माणूस
परक्या गावात कुणाकडे जाईल,
हे सहा वर्षांच्या पोराला सुचलं, मला नाही.

तिथेच होते. पत्र्याच्या कुंपणाशी,
कुणीतरी दिलेला अर्धा पाव बगलेत,
हात वर, तळवा खाली:
हळू... हळू... सोड.
वर काचेआड एक अनोळखी माणूस
काम थांबवून त्यांना हात करत होता.

एवढं सांगून मी बसू शकते.

पण त्याआधीची एक प्रार्थना आहे,
इथलीच, या घरातल्या मोरीतली, एप्रिलमधली.
रात्री तीनला त्यांची चादर चौथ्यांदा धुताना
नळाच्या आवाजाआड मी म्हणाले होते:
देवा, एक तास.
फक्त एक तास हा माणूस माझ्यावरून उचल.

हॉटेलवर विनीतने हिशेब लावला होता:
अप्पा हरवले सव्वाअकराला,
सापडले सव्वाबाराला.
तो आपला सहज बोलून आंघोळीला गेला.

ही साक्ष कशी देतात, मला कुणी शिकवलेलं नाही.
दोन्ही त्यानेच ऐकलं असेल
तर त्याचा कान मला वाटलं त्याहून फार बारीक आहे,
आणि तेव्हापासून मी
भांडी घासतानाही जपून बोलते.

दुसरं गीत संपतं. माना वळतात.
"अप्पा हरवले होते. सापडले. देवाचे उपकार."
दीनाबाई डोळे पुसतात,
पण एवढ्यावर त्यांचं भागलेलं नाही, दिसतंय.
पाळकसाहेब हरवलेल्या मेंढराकडे वळतात.

अप्पा खिडकीशी. पलीकडे डॉकयार्डात दिवे लागलेत.
शेवटची प्रार्थना लांबत जाते,
आणि पाळकांचा आवाज चढतो तसा
अप्पा हात वर करतात, तळवा खाली:
हळू. हळू.
सोड.